कथलाची दोन रूपे

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेल्या कुंभकोणम या गावाचे नावच मुळी एका भांड्यावरून पडलेले आहे. प्रलयकाळी वाहत आलेला अमृतकुंभ या ठिकाणी फुटला, अशी तेथील स्थलपुराणाची कथा आहे. आणि दर बारा वर्षांनी येणाऱ्या महामहमच्या पर्वणीत यात्रिकांचे थवेच्या थवे तेथील तलावात स्नान करतात, ते त्याच अमृताच्या स्मरणाने. मराठी मनाला हे गाव अगदीच परके नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरास भोसल्यांची गादी स्थापन केली, ती १८५५ पर्यंत टिकली. आणि तिच्या आश्रयाने कावेरीकाठी स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी काही कुंभकोणमची झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी गाजविणारे सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथलाच. गणिती श्रीनिवास रामानुजन यांचे बालपणही याच गावच्या रस्त्यांवर गेले. परंतु प्रस्तुत भाषणाचा विषय या थोर पुरुषांपैकी कोणी नसून, तेथील स्वयंपाकघरातले एक साधे भांडे हा आहे. त्या भांड्याच्या धातूचा माग काढीत गेले असता आधुनिक पदार्थविज्ञानातील एका मोठ्या नाजूक प्रश्नापाशी येऊन पोहोचावे लागते. तेच अणू दोन निराळी रूपे धारण करू शकत असतील, तर त्यांनी कोणते रूप घ्यावे हे कोण ठरविते, असा तो प्रश्न आहे.

हे भांडे म्हणजे रस्सम करण्याचे कथलाचे पात्र. तमिळ भाषेत त्यास 'ईय सोंबु' म्हणतात. 'ईयम' म्हणजे कथील, आणि सोंबु हा मराठी घरातल्या चंबूचाच सखा. कुंभकोणमच्या पात्रकारांची या भांड्याबद्दल विशेष ख्याती आहे. रस्सम हे महाराष्ट्रातल्या साराचे जवळचे नातलग; चिंचेचा कोळ, टोमॅटो, मिरी यांनी ते आंबट व तिखट होते. असा आंबट पदार्थ तांब्यापितळेच्या उघड्या भांड्यात ठेवला तर कळकतो, हे महाराष्ट्रातील गृहिणीला सांगावयास नको. म्हणून तर तिच्या दारी वर्षातून एकदा कल्हईवाला येत असे. भांडे तापवून, नवसागराने त्याच्या अंगावरचा मळ उतरवून, कापसाच्या बोळ्याने वितळलेल्या कथलाचा चकचकीत हात तो फिरवीत असे. कुंभकोणमच्या गृहिणीने एक पाऊल पुढे टाकले. तिने तांब्याला कथलाचा लेप देण्याऐवजी सबंध भांडेच कथलाचे करून घेतले. कथलावर चिंचेच्या आम्लाचा परिणाम फारच मंद होतो. आणि रस्समला या भांड्यात काही वेगळीच चव येते, असे तिकडील खवय्ये छातीवर हात ठेवून सांगतात.

या भांड्याशी वागताना मात्र एक पथ्य कसोशीने पाळावे लागते. ते रिकामे चुलीवर ठेवावयाचे नाही. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते. पाणी आत असेतोवर भांड्याचे अंग शंभर अंशांच्या फारसे वर जात नाही. परंतु पाणी आटले की पाहता पाहता भांड्याचा तळ गळून चुलीत जातो. नव्या सुनेला सासूने सांगावयाचा हा पहिला धडा. पदार्थाचे एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाणे, म्हणजेच अवस्थांतर, हे कुंभकोणमच्या स्वयंपाकघरात पुस्तकातून कधी शिकविले गेले नाही. ते भांडे गमावून शिकले गेले.

दुसरे पथ्य याहून महत्त्वाचे आहे. तमिळमध्ये कथील आणि शिसे या दोन्ही धातूंना 'ईयम' हाच शब्द लागतो. कथील हे 'वेळ्ळीयम', म्हणजे पांढरे ईयम, आणि शिसे हे 'कारीयम', म्हणजे काळे ईयम. शब्दाचा हा सारखेपणा धातूच्या बाबतीत मात्र घातक ठरू शकतो. शिसे कथलापेक्षा स्वस्त. म्हणून भेसळीचा मोह होण्यासारखा. चिंचेच्या आम्लात शिसे उतरते, अन्नाबरोबर पोटात जाते, हाडांत साठून राहते, आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस कायमची बाधा आणते. शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे वैद्यकशास्त्र आज म्हणत नाही. तेव्हा भांडे खरोखरीच कथलाचे आहे की नाही, हा प्रश्न केवळ चवीचा उरत नाही.

तो सोडविण्याचे काही सोपे मार्ग आहेत. पहिला वजनाचा. कथील पाण्याच्या सुमारे सव्वासात पट जड, तर शिसे सव्वाअकरा पट. तेव्हा त्याच मापाचे शिशाचे भांडे दीडपटीहून जड भरते. दुसरा मार्ग कानाचा, आणि तो फार मनोरंजक आहे. शुद्ध कथलाची कांब हाताने वाकविली असता ती चक्क कुरकुरते. धातुशास्त्रात या आवाजाला कथलाचा आक्रोश म्हणतात. शिशाची कांब निमूटपणे वाकते. मिश्रधातूंची परीक्षा मात्र अशा ढोबळ उपायांनी पुरती होत नाही, त्यासाठी प्रयोगशाळाच गाठावी लागते. परंतु या आक्रोशाचे मूळ पाहण्यासारखे आहे. वरून एकजीव दिसणारा धातू असंख्य बारीक स्फटिकांचा बनलेला असतो, आणि प्रत्येक स्फटिकात अणू ओळीने, शिस्तीने बसलेले असतात. कांब वाकताना कथलाच्या स्फटिकांतील अणूंच्या रांगा एकदम कलंडून आरशातील प्रतिबिंबासारख्या उलट दिशेला बसतात. त्या एकाएकी बसण्याचा जो धक्का, तोच कानी पडतो. अणूंची बैठक हा काही केवळ तर्काचा विषय नव्हे. ती बदलते तेव्हा ऐकूसुद्धा येते.

कुंभकोणममध्ये कथलाचा हा आक्रोश एवढाच ऐकू आला. उत्तरेकडील थंड देशांत त्याचा खराखुरा विलाप झाला. युरोपातील जुन्या प्रार्थनामंदिरांत ऑर्गन नावाची भव्य वाद्ये असतात, आणि त्यांच्या नळ्या पुष्कळदा कथलाच्या असत. कडाक्याच्या हिवाळ्यांनंतर या नळ्यांवर करड्या रंगाचे फोड उठत, फोड पसरत, आणि चकचकीत धातूची जागा भुरभुरीत पूड घेई. जर्मनीतील झाइट्स येथील अशा नळ्यांचे वर्णन १८५१ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे १८६७-६८ च्या भयंकर हिवाळ्यात सेंट पीटर्सबर्ग येथे साठवून ठेवलेल्या कथलाच्या लाद्यांचा भुगा झाला, आणि फ्रिट्शे या रसायनशास्त्रज्ञाने त्याची नोंद केली. हा रोग एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर पसरतो, हेही ध्यानात आले. सडलेल्या कथलाची चिमूटभर पूड चांगल्या कथलावर टाकून ते थंडीत ठेवले की त्यालाही फोड येत. साहजिकच त्यास 'कथलाचा प्लेग' असे नाव पडले. नेपोलियनच्या सैन्याच्या १८१२ मधील रशियावरील स्वारीत सैनिकांच्या डगल्यांची कथलाची बटणे थंडीने विरघळली, ही कथा त्याच काळापासून सांगितली जाते. तिला भरवशाचा पुरावा मात्र नाही. दंतकथा प्रसिद्ध होते ती बहुधा खऱ्या कारणाच्या शोधाआधी.

खरे कारण शोधून काढण्याचे श्रेय नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथील रसायनशास्त्रज्ञ एर्न्स्ट कोहेन यांच्याकडे प्रामुख्याने जाते. १८९९ पासून त्यांनी या विषयावर चिकाटीने काम केले आणि दाखवून दिले की, यात रोग नाही, गंज नाही, कुठल्या परक्या द्रव्याची बाधाही नाही. कथील कथीलच राहते. केवळ त्याचे रूप पालटते. ज्या माणसाने 'रोग' या शब्दामागचा भ्रम दूर करून शुद्ध कारण पुढे ठेवले, त्याचाच शेवट १९४४ मध्ये ऑश्विट्झच्या छळछावणीत, माणसांना रोग समजणाऱ्या एका राजवटीच्या हातून व्हावा, ही गोष्ट विज्ञानाच्या इतिहासात विसरण्याजोगी नाही.

आता ही दोन रूपे जवळून पाहावयास हवीत. पांढऱ्या कथलात प्रत्येक अणूला चार शेजारी अगदी जवळ असतात, आणि आणखी दोन किंचित दूर. म्हणजे जवळजवळ सहा जणांचा गराडा. करड्या कथलात शेजारी चारच. पण ते चौघे चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर ठरल्या जागी उभे, आणि त्यांच्याशी जडलेले बंध अधिक आखूड व अधिक घट्ट. बाजाराच्या गर्दीत माणसे एकमेकांना रेटून उभी राहतात तेव्हा थोड्या जागेत पुष्कळ मावतात. तीच माणसे हात धरून फेर धरू लागली की हाताची पकड घट्ट, परंतु मध्ये मोकळी जागा फार. करड्या कथलाचे तसेच आहे. म्हणूनच पांढऱ्याचे करडे होताना त्याचे आकारमान शेकडा सुमारे २७ ने वाढते. आणि ठिसूळ बनलेला पदार्थ एवढा फुगल्यावर त्याचा भुगा होणार नाही तर दुसरे काय होईल?

दोन्ही रूपांतील फरक एवढ्यावर थांबत नाही. पांढरे कथील हा अस्सल धातू. विजेचा उत्तम वाहक. करड्या कथलाची रचना हिऱ्याची, आणि सिलिकॉन व जर्मेनियम यांचीही हीच. त्यामुळे ते धातूंच्या पंक्तीतून उठून अर्धसंवाहकांच्या पंक्तीच्या काठावर येऊन बसते. अणू तेच, त्यांतील इलेक्ट्रॉन तितकेच. फक्त बैठक बदलली, आणि धातूपण गेले. वस्तूचा स्वभाव ती कशाची बनली आहे यावर जितका अवलंबून असतो, तितकाच तिचे घटक एकमेकांशेजारी कसे बसले आहेत यावर अवलंबून असतो, हे सत्य याहून ठळकपणे सांगणारे दुसरे मूलद्रव्य क्वचितच सापडेल.

या दोन बैठकींमधील सीमारेषा १३.२ अंश सेल्सिअसवर आहे. तिच्या खाली करडे रूप स्थिर, वर पांढरे. थंडीत अणूंची थरथर कमी असते, तेव्हा घट्ट बंधांचा मोह वरचढ ठरतो; उष्णता वाढली की थरथरीला वाव देणारी सैल बैठक त्यांना अधिक मानवते. कुंभकोणममध्ये हिवाळ्याच्या रात्रीसुद्धा या सीमेच्या बऱ्याच वर असतात. तेथील चंबू पिढ्यान् पिढ्या चकाकत राहतो, त्याचे श्रेय जसे पात्रकाराच्या हाताला, तसेच कावेरीखोऱ्याच्या हवेलाही दिले पाहिजे.

येथे एखाद्या चौकस श्रोत्याच्या मनात शंका येईल. नाशिक जिल्ह्यात निफाडला थंडीच्या कडाक्यात पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागाईतदार रात्र रात्र शेकोट्या पेटवून बसतात. मग तेथील घरांतल्या भांड्यांची कल्हई सकाळी पूड होऊन का पडत नाही? याचे उत्तर प्रत्येक घरातल्या शिंक्यावर आहे. दूध कोमट करून ठेवले म्हणून त्याचे चांगले दही होत नाही. विरजण लावावे लागते. अवस्थांतराचेही असेच आहे. केवळ तापमान अनुकूल असून भागत नाही. नव्या रचनेची पहिली कणी कोठेतरी बसावी लागते. पांढऱ्या कथलाच्या पोटात करड्या कथलाची कणी बसावयाची म्हणजे तिला आजूबाजूचा धातू रेटून सव्वापटीहून अधिक जागा करून घ्यावी लागते. हे काम इतके अवघड आहे की सीमेच्या थोडे खाली वर्षानुवर्षे काहीच घडत नाही. रूपांतराचा वेग सर्वांत अधिक असतो तो उणे ३० ते उणे ४० अंशांच्या सुमारास. शिवाय शिसे, बिस्मथ किंवा अँटिमनी यांचा अल्पसा अंश कथलात असला तरी ते रूपांतर अडून राहते. कोहेन यांनी वापरलेली करड्या पुडीची चिमूट हे खरे विरजण होते. रोगाची लागण म्हणतात ती हीच.

आता प्रश्न पुढचा. करड्या कथलाचे विरजण करड्या कथलाचेच असले पाहिजे काय? मूलद्रव्यांच्या आवर्तसारणीत कथलाचा क्रमांक ५० आहे. त्याच्या डाव्या हाताला ४९ क्रमांकाचे इंडियम, उजव्या हाताला ५१ क्रमांकाची अँटिमनी. या दोघांची सरासरी बरोबर ५०. इंडियमजवळ बंधांसाठी लागणारा एक इलेक्ट्रॉन कमी, अँटिमनीजवळ एक अधिक. दोघे एकत्र आले की हिशेब कथलासारखाच जुळतो. त्यांच्या संयुगात, म्हणजे इंडियम अँटिमनाइडमध्ये, अणू करड्या कथलाप्रमाणेच चतुष्फलकाच्या बैठकीत बसतात. फक्त एकाआड एक इंडियम व अँटिमनी. आणखी एक घर बाहेर सरकले की ४८ क्रमांकाचे कॅडमियम आणि ५२ क्रमांकाचे टेल्यूरियम येते. त्यांची सरासरीही ५०, आणि त्यांच्या संयुगाची बैठकही तशीच. अशा तिसऱ्या आणि पाचव्या गटांच्या संयुगांना उत्तम अर्धसंवाहक म्हणून जगापुढे मांडले ते जर्मनीतील हाइन्रिख वेल्कर यांनी, १९५२ मध्ये. पुढे इंडियम अँटिमनाइडपासून उष्णतेचे अदृश्य किरण टिपणारी साधने बनली. याच कुळातील गॅलियम आर्सेनाइडने तर दळणवळणाच्या यंत्रांत व कृत्रिम उपग्रहांच्या सौरघटांत आपले स्थान पक्के केले.

इंडियम अँटिमनाइडच्या स्फटिकातील मूलभूत घनाची कड ०.६४७९ नॅनोमीटर भरते, आणि करड्या कथलाच्या घनाची ०.६४८९. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. दोन मापांतील फरक हजारात दीड. इतके मिळतेजुळते माप असलेला तयार साचा मिळाल्यावर त्यावर बसणाऱ्या कथलाच्या अणूंना करडी बैठक घेण्याचा मोह का होऊ नये?

मोह होतो, पण साचा स्वच्छ असेल तरच. आणि येथेच पृष्ठभागाचा सर्व प्रश्न उभा राहतो. स्फटिकाच्या पोटातील प्रत्येक अणूला चारही बाजूंनी शेजारी असतात. परंतु स्फटिक जेथे संपतो तेथल्या अणूंना वरच्या बाजूला कोणीच नसते. त्यांचे हात रिकामे लोंबकळतात. रिकामा हात स्वस्थ बसत नाही. तो शेजाऱ्याचा हात धरू पाहतो, स्वतःची जागा सोडून थोडा वर वा खाली सरकतो, आणि या सरकासरकीतून पृष्ठभागावर एक नवीनच नक्षी उमटते, जी स्फटिकाच्या पोटात कोठेही नसते. संयुगाच्या बाबतीत तर आणखी गुंतागुंत. अँटिमनीचे अणू उष्णतेने लवकर उडून जातात. म्हणून इंडियम अँटिमनाइडचा तुकडा निर्वात पोकळीत तापवीत नेला की अँटिमनीने समृद्ध असलेली पृष्ठभागावरची नक्षी मोडते आणि इंडियमने समृद्ध असलेली दुसरी उमटते. पोटात काहीही बदललेले नसते. बदललेली असते ती केवळ एक-दोन अणूंच्या जाडीची कातडी. हेही अवस्थांतरच; पण पृष्ठापुरते. एका चौरस सेंटिमीटरच्या पृष्ठभागावर अशा एका थरात सुमारे ४७५ लाख कोटी अणू असतात, आणि ते सारे जणू कवायतीच्या शिस्तीने एका नक्षीतून दुसऱ्या नक्षीत जातात.

ही नक्षी पाहावयाची कशी? इलेक्ट्रॉनांचा झोत पृष्ठभागावरून परावर्तित करून तिचा अंदाज घेण्याची पद्धत जुनी. तिचे मूळ डेव्हिसन व जर्मर यांच्या १९२७ च्या प्रयोगात आहे. प्रत्यक्ष एकेक अणू दाखविणारे साधन मात्र १९८१ मध्ये स्वित्झर्लंडमधील बिनिग व रोरर यांनी घडविले. एक अणकुचीदार सुई पृष्ठभागापासून अणूभर अंतरावर धरून फिरवावयाची, आणि मधल्या पोकळीतून झिरपणाऱ्या सूक्ष्म विद्युत्प्रवाहावरून चढउतार टिपावयाचे, ही त्याची रीत. आंधळ्याने बोटाने मूर्ती चाचपावी तशी ही सुई अणू चाचपते. १९८६ चे नोबेल पारितोषिक या दोघांना मिळाले. आणि १९८७ मध्ये याच साधनाने गॅलियम आर्सेनाइडच्या पृष्ठभागावरील गॅलियमचे अणू निराळे व आर्सेनिकचे निराळे, असे ओळखून दाखविण्यात आले.

या कामातील खरा वैरी म्हणजे हवा. पृष्ठभाग एकदा स्वच्छ केला तरी वायूचे रेणू त्यावर सतत आदळतच असतात. पाऱ्याच्या एक मिलिमीटर दाबाच्या दहा लाखाव्या भागाइतकी विरळ हवा उरली असली, तरी एका सेकंदाच्या आसपास सर्व पृष्ठभाग परक्या रेणूंनी झाकून जाऊ शकतो. त्याहूनही दहा हजारपट विरळ पोकळी निर्माण केली तर संशोधकाला तीनेक तासांची सवड मिळते. कल्हईवाला नवसागराने भांड्याचा मळ उतरवून क्षणाचाही विलंब न लावता कथील फिरवीत असे, त्यामागचे तत्त्व हेच. मळ आणि धातू यांच्या शर्यतीत धातूने आधी पोहोचले पाहिजे. प्रयोगशाळेतील संशोधक नवसागराऐवजी आर्गॉन वायूच्या विद्युत्भारित कणांचा मारा करून मळ उतरवितो, आणि मग तापवून विस्कटलेली नक्षी पुन्हा बसवितो.

अशा स्वच्छ केलेल्या इंडियम अँटिमनाइडच्या व कॅडमियम टेल्यूराइडच्या पृष्ठभागांवर, इंग्लंडमधील माल्व्हर्न येथील संशोधनसंस्थेत फॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी कथलाची वाफ सावकाश बसविली. हे काम १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. कथलाचे अणू येऊन पडले, त्यांनी खालच्या अणूंची बैठक पाहिली, आणि तशीच बैठक घेतली. थर करड्या कथलाचा तयार झाला. तोही भुरभुरीत पूड म्हणून नव्हे, तर अखंड, गुळगुळीत पापुद्रा म्हणून. नवलाची गोष्ट पुढेच आहे. १३.२ अंशांची सीमा ओलांडल्यावर हे कथील पांढरे व्हावयास हवे होते. परंतु ते सुमारे ७० अंशांपर्यंत करडेच राहिले. पापुद्रा जितका पातळ, तितका त्याचा निग्रह अधिक. कुंभकोणमच्या वैशाखातल्या भर दुपारीसुद्धा असा पापुद्रा आपले थंडीतले रूप सोडणार नाही, आणि त्याच उन्हात शेजारी ठेवलेला चंबू आपले उन्हातले रूप सोडणार नाही. दोहोंतील अणूंत तिळमात्र भेद नाही. भेद आहे तो शेजाराचा. खालच्या अणूंनी त्यांना धरून ठेविले आहे.

असा पापुद्रा हा केवळ कौतुकाचा विषय राहिला नाही. २०१३ मध्ये, इंडियम अँटिमनाइडवर बसविलेल्या करड्या कथलाच्या पृष्ठभागावरील इलेक्ट्रॉनांची चाल अगदी निराळ्या प्रकारची असल्याचे संशोधकांच्या दोन गटांनी दाखविले, आणि या जुन्या धातूकडे नव्या विद्युत्साधनांच्या आशेने पाहिले जाऊ लागले. अडचणी आहेतच, इंडियमचे अणू वरच्या कथलात शिरू पाहतात आणि त्याची शुद्धता बिघडवितात. पाया ज्या संयुगाचा, त्याच्याच एका घटकाने वरच्या मजल्यात घुसखोरी करावी, अशी ही अडचण. आणि ती सोडवावयाची तर पुन्हा पृष्ठभागाच्या नक्षीकडेच वळावे लागते.

या सर्व विचाराचा सामान्य माणसाच्या जीवनाशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध त्याच्या खिशातल्या यंत्राशीच आहे. विद्युत्-उपकरणांतील बारीक सांधे डाखाने जोडलेले असतात, आणि हा डाख पूर्वी कथील व शिसे यांच्या मिश्रणाचा असे. शिशाचे विष मोडीत निघालेल्या यंत्रांतून मातीत आणि पाण्यात उतरते. म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक विद्युत्-उपकरणांत शिशाला मनाई केली. भारतातही ई-कचऱ्याविषयीचे नियम २०१२ पासून अमलात आले, आणि त्यांनी शिशाच्या प्रमाणावर मर्यादा घातली. हे योग्यच झाले. जो न्याय रस्समच्या भांड्याला, तोच मातीला आणि पाण्याला. परंतु नव्या डाखात कथीलच शेकडा ९५ च्या वर असते, आणि कथलाच्या प्लेगला अडवून धरणारे शिसे त्यातून निघून गेलेले असते. मुंबईत किंवा कुंभकोणममध्ये याची चिंता करण्याचे कारण नाही. परंतु लडाखमधील द्राससारख्या ठिकाणी हिवाळ्यात पारा उणे ३० अंशांच्याही खाली उतरतो; नेमक्या त्याच टप्प्यात, जेथे रूपांतराचा वेग सर्वाधिक. तेथे रात्रंदिवस उघड्यावर राबणाऱ्या यंत्रातील सांध्यात काय घडेल, हा प्रश्न पुस्तकी नाही. त्याचे उत्तर पुन्हा शिशाकडे वळणे हे नव्हे. बिस्मथ किंवा अँटिमनी यांचा अल्प अंश मिसळून, आणि कथलाच्या पोटात पहिली कणी कोठे व कशी बसते हे नीट समजून घेऊन, ते शोधावे लागते. विष वगळावयाचे आणि सांधाही टिकवावयाचा, या दोन्ही गोष्टी साधावयाच्या तर अणूंच्या बैठकीचे ज्ञान असल्यावाचून गत्यंतर नाही.

अज्ञानाच्या काळी माणसाने कथलाच्या या पालटाला रोग म्हटले, सैतानाची करणीही म्हटले. ज्ञान झाल्यावर त्याने तोच पालट हाताशी धरला आणि आपल्याला हव्या त्या पृष्ठभागावर, हव्या त्या रूपात कथील बसवून दाखविले. परंतु या ज्ञानाने त्याला एक मर्यादाही शिकविली आहे. तापमान, शेजार आणि पहिली कणी या तिहींवर कथलाचे रूप ठरते. त्यांपैकी एकाचाही विसर पडला की कथील आपल्या मनाप्रमाणे वागते, माणसाच्या नव्हे. धातूला मन नसते हे खरे. तथापि त्याच्या शेजारधर्माचा मान राखल्याखेरीज त्याच्याकडून काम करून घेता येत नाही. ही गोष्ट सून घरात आली की पहिल्याच दिवशी कुंभकोणमची सासू तिला सांगते, आणि प्रयोगशाळेत येणाऱ्या नव्या विद्यार्थ्यालाही पहिल्याच दिवशी शिकावी लागते.